'ठाण्याला पाठवा'

"हिला ठाण्याला पाठवा!" हा टोमणा आपण कल्याण-डोंबिवलीत लहानपणापासून ऐकत आलो. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. पुढे 1912च्या कायद्याच्या नावातच 'ल्युनसी' म्हणजे वेड होतं. भर राखणीवर, उपचार नंतर. 2017च्या कायद्याने मानसिक आरोग्य परिचारिकेची, म्हणजे आपल्या सिस्टरची, वेगळी नोंदणी सांगितली. निदान डॉक्टर करतात. पण रात्रीची झोप उडाली, गोळी जिभेखाली लपवली, हे आधी सिस्टरला कळतं. हाच कायदा म्हणतो, घरचे स्वीकारत नाहीत एवढ्याच कारणाने कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. बरी झालेली सून, बहीण, आई घरी यायला निघाली, तर तिचं पान आपण वाढून ठेवू या. आणि तो टोमणा आपल्या घरात तरी बंद करू या.