नखांभोवतीची कोरडी त्वचा : घरी काय काळजी घ्याल?

नखाच्या मुळाशी त्वचेची एक पातळ पांढुरकी कड असते. तिला क्युटिकल म्हणतात. नख आणि त्वचा यांच्यामधली फट ती बंद ठेवते, म्हणजे पाणी, माती आणि जंतू आत जात नाहीत. ही कड कोरडी पडून फाटली की नखाशेजारी सालटी निघतात, मीठ-तिखट लागले की चुरचुरते आणि पुढे नखुरडे होण्याची शक्यता वाढते.

ती कोरडी का पडते?

सतत पाणी आणि साबण हे सर्वांत मोठे कारण आहे. धुणी-भांडी करताना त्वचेतील नैसर्गिक तेल निघून जाते. भद्रावती परिसरात कामानुसार आणखी कारणे आढळतात.

- कापूस वेचणी : पऱ्हाटीच्या वाळलेल्या बोंडाची टोके नखाजवळ टोचतात. वेचणीचे दिवस थंडीचे, त्यामुळे हवाही कोरडी असते.
- धानाची रोवणी : पावसाळ्यात तासन्‌तास बोटे चिखलात राहतात. त्वचा आधी फुगते, नंतर वाळून तडकते.
- मातीकाम : भद्रावती मातीच्या भांड्यांसाठी ओळखली जाते. ओली माती हातावर वाळताना त्वचेतला ओलावा ओढून घेते.
- बांधकाम : ओले सिमेंट त्वचेला जाळते. ते हाताला लागू देऊ नका.

नखे खाणे, सालटी दातांनी तोडणे आणि नेलपेंट काढण्याचे द्रावण वारंवार वापरणे यांनीही त्रास वाढतो.

घरी काय करावे?

१. काम संपल्यावर हात कोमट पाण्याने धुवा. साबण सौम्य आणि थोडाच घ्या. बोटांच्या फटीही पुसून कोरड्या करा.

२. त्वचा किंचित ओलसर असतानाच साधे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल नखाच्या मुळाशी चोळा. महागड्या क्रीमची गरज नाही. दिवसातून तीन-चार वेळा आणि प्रत्येक धुण्यानंतर लावल्यास फायदा होतो.

३. रात्री जाडसर थर लावून सुती हातमोजे घाला. स्वच्छ जुने मोजेही चालतील.

४. भांडी घासताना रबरी हातमोजे वापरा, आतून सुती असतील तर उत्तम. आत घाम साचला की काढून हात कोरडे करा.

५. सालटे लोंबत असेल तर ओढू नका. बोट पाच मिनिटे कोमट पाण्यात ठेवा आणि स्वच्छ नेलकटरने सालटे मुळाजवळ कापा.

हाताच्या बोटाचे नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढते. त्यामुळे त्वचा काही आठवड्यांत सुधारली, तरी नखावर पडलेल्या आडव्या रेघा जायला सहा महिने लागू शकतात. धीर धरा.

काय टाळावे?

क्युटिकल कापू नका किंवा मागे ढकलू नका. जखमेवर चुना, रॉकेल किंवा तंबाखू लावू नका. दुकानातून स्वतःच्या मनाने ‘खाजेची ट्यूब’ घेऊ नका. अशा अनेक ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. ते जास्त दिवस लावल्यास त्वचा पातळ होते आणि संसर्ग झाकला जातो.

नखुरडे झाले तर?

नखाशेजारी लाली, सूज आणि ठणका सुरू झाला असेल, पण पू नसेल, तर बोट सोसेल इतक्या कोमट पाण्यात १० ते १५ मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा बुडवा. नंतर कोरडे करा. सुई किंवा ब्लेडने टोचू नका. विशेषतः पाण्यासारखे बारीक फोड आले असतील तर मुळीच नाही, कारण तो नागिणीच्या जातीच्या विषाणूचा संसर्ग असू शकतो.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- पू दिसतो, किंवा दोन दिवसांत आराम नाही.
- लाली हातावर वर चढते, ताप येतो किंवा बोट वाकवताना खूप दुखते.
- मधुमेह आहे, किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत. अशांनी दोन दिवसही थांबू नये. साध्या सालट्यापासून सुरू झालेला संसर्ग बोटाच्या हाडापर्यंत जाऊ शकतो.
- सूज सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकली आहे. हे बहुधा पाण्यात काम केल्यामुळे होते. केवळ प्रतिजैविकाने ते जात नाही, हात कोरडे ठेवावेच लागतात.
- एकाच नखाखाली काळी रेघ आली आहे आणि ती रुंदावते आहे.

आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. लहान बाळाची हातापायाची बोटे अचानक सुजली आणि ते रडत असेल, तर नखुरडे समजून शेकत बसू नका. त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

हातावर पोट असणाऱ्याला बोट दुखणे म्हणजे मजुरी बुडणे. रोज झोपण्यापूर्वी नखांना दोन मिनिटे तेल लावण्याची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घेतली, तर ही वेळ बऱ्याचदा टळते.