स्कॅनरचा कौल आणि गाडीचा दोष

पंधरा-वीस वर्षं जुन्या पेट्रोल गाडीला एक आजार हमखास जडतो. चालता चालता ती झटका खाते, कधी सिग्नलला बंद पडते, वीस मिनिटांनी काही घडलंच नाही अशी सुरू होते आणि गॅरेजमध्ये नेली की अगदी शहाण्यासारखी वागते. या आजाराबद्दल गाडीमालक आणि मिस्त्री यांचं मिळून एक मत आता पक्कं झालेलं आहे. स्कॅनर लावा आणि तो ज्या सेन्सरचं नाव घेईल तो बदला. स्कॅनर काहीच बोलला नाही तर दोष नाही असं समजा, किंवा गाडी पुरती बंद पडेपर्यंत थांबा. आणि गाडी जुनी असेल तर शोधत बसण्यापेक्षा एकेक पार्ट बदलत गेलेलं स्वस्त पडतं. हे मत तिन्ही अंगांनी चुकीचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वपक्षात तथ्य आहे, ते आधी मान्य करू. कार्बोरेटरच्या काळात मिस्त्री कानाने आणि नाकाने दोष ओळखत असे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार 2000 साली दिल्ली परिसरात युरो-2च्या तोडीचे उत्सर्जन-निकष लागू झाले, मारुती 800 मध्येही कार्बोरेटरच्या जागी एमपीएफआय आलं, आणि पेट्रोल किती, ठिणगी कधी, हे ठरवण्याचं काम ईसीयू नावाच्या डबीकडे गेलं. या डबीच्या पोटात काय चाललंय ते कानाला ऐकू येत नाही. अमेरिकेत 1996च्या मॉडेलपासून ओबीडी-2, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष स्वतःच नोंदवण्याची व्यवस्था, सक्तीची झाली. भारतात ओबीडीचा पहिला टप्पा एप्रिल 2010 पासून आणि दुसरा एप्रिल 2013 पासून आला. ओबीडीच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये यंत्र जोडलं की डबी बोलू लागते. स्कॅनर न वापरणारा मिस्त्री आज अर्धा आंधळाच. वाद स्कॅनरशी नाही. देवळातल्या कौलासारखं त्याचं उत्तर डोक्याला लावून घरी येण्याच्या वृत्तीशी आहे.

ईसीयूला पार्ट दिसत नाही. तिला दिसतो तो तिच्या पिनांवर येणारा विद्युतदाब. पी-0335 हा कोड घ्या. गॅरेजच्या भाषेत त्याचा अर्थ 'क्रँक सेन्सर गेला'. कोड प्रत्यक्षात म्हणतो ते इतकंच की क्रँक सेन्सरच्या सर्किटमधून अपेक्षित संकेत आला नाही. या सर्किटमध्ये सेन्सर आहे, त्याचं कपलर आहे, इंजिनाच्या उष्णतेत वर्षानुवर्षं भाजलेली वायर आहे, दातेरी चक्र आहे आणि खुद्द ईसीयूही आहे. पी-0171 तर याहून फसवा. मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी, एवढंच तो सांगतो. कारण तडकलेला व्हॅक्यूम पाइप असेल, दमलेला फ्युएल पंप असेल, चोंदलेला फिल्टर असेल. पण ही बातमी ऑक्सिजन सेन्सरने दिलेली असल्यामुळे बळी जातो तो त्याचा. निरोप आणणाऱ्यालाच कामावरून काढलं जातं आणि घरातलं भांडण तसंच राहतं.

याहून मोठा गोंधळ कोड 'खोडताना' होतो. उत्सर्जनाशी संबंधित दोष नोंदवताना ईसीयू त्या क्षणाची परिस्थितीही टिपून ठेवते. इंजिनाचे फेरे किती, कूलंटचं तापमान किती, वेग किती, भार किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कधीमधी येणाऱ्या दोषाच्या बाबतीत कोडपेक्षा ही नोंद मोलाची, कारण दोष कोणत्या अवस्थेत येतो याची साक्ष तिच्यात असते. आणि अनेक ठिकाणी पहिलं काम केलं जातं ते कोड खोडण्याचं. कोडाबरोबर फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. पंचनामा होण्याआधीच जागा धुऊन काढली जाते.

आता पूर्वपक्षाचं दुसरं वाक्य: कोड नाही म्हणजे दोष नाही. बरेचसे कोड एकदा घडल्याने पक्के होत नाहीत. तोच दोष पुढच्या फेरीतही दिसला तरच चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि नंतरच्या लागोपाठ तीन फेऱ्या निर्दोष गेल्या की तो आपोआप विझतो. पण खरा मुद्दा याच्याही पुढचा आहे. मेन रिलेच्या आतला झाळकामाचा सांधा तडकला, तर ईसीयूचा स्वतःचाच वीजपुरवठा तुटतो. जी डबी मेली ती आपल्या मृत्यूची नोंद कशी करणार? नव्वदच्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले नेमका यासाठी मिस्त्रींमध्ये प्रसिद्ध होता. उन्हात उभी केलेली गाडी सुरू होत नसे आणि केबिन थंड झाली की लगेच सुरू होई.

मौन म्हणजे निर्दोषत्व नव्हे, हे जनरल मोटर्सच्या इग्निशन स्विचने फार मोठी किंमत घेऊन सिद्ध केलं. शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयन अशा गाड्यांत किल्ली 'रन'वर धरून ठेवणारी खिट्टी फार सैल होती. जुडगा जड असला, खड्डा बसला किंवा गुडघा लागला की किल्ली मागे सरके आणि इंजिन बंद पडे. ईसीयूच्या दृष्टीने चालकानेच किल्ली फिरवलेली. मग कोड कशाचा येणार? एअरबॅगचाही वीजपुरवठा त्याच वेळी तुटे, त्यामुळे धडकेत त्या उघडत नसत. कंपनीने 2005 सालीच वितरकांना कळवलं होतं की ग्राहकांना जुडग्यातल्या जादा किल्ल्या काढून टाकायला सांगा. म्हणजे दोष कोणत्या परिस्थितीत येतो हे ठाऊक होतं! तरीही चालत्या गाडीचं बंद पडणं ही ग्राहकाची गैरसोय मानली गेली, सुरक्षेचा प्रश्न मानला गेला नाही. पुढे स्विचची रचना गुपचूप बदलली आणि पार्ट नंबर मात्र जुनाच ठेवला. जुना आणि नवा स्विच शेजारी ठेवून तपासले तेव्हा फरक उघड झाला. 2014 मध्ये सुमारे 26 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या, आणि कंपनीच्या भरपाई निधीने 124 मृत्यूंचे दावे मान्य केले.

'पूर्ण बंद पडेपर्यंत थांबा' या सल्ल्याचं उत्तरही यातच आहे. इंजिन थांबलं की ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूमचा साठा एक-दोन दाबांपुरताच उरतो आणि पॉवर स्टीअरिंग जड होतं. कशेडी घाटाच्या उतारावर, मागे भरलेला ट्रक असताना, दोषाच्या परिपक्वतेची वाट पाहा असं सांगणारा माणूस आपला हितचिंतक नाही.

इथवर खंडन झालं. आता त्याच्या जागी काय मानायचं?

अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात, आणि त्यामुळे न्यायशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येकाच्या पहिल्या वर्षात, एक प्रसिद्ध उदाहरण आहे. धूर असेल तिथे अग्नी असतो हे खरं. पण अग्नी असेल तिथे धूर असतोच असं नाही. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर निघायला ओलं सरपण लागतं. या ओल्या सरपणाला नैयायिक उपाधी म्हणतात. जुन्या गाडीतला अधूनमधून येणारा दोष अगदी याच जातीचा असतो. दोष कायमचा हजर असतो. त्याला धूर आणणारी उपाधी अधूनमधून हजर होते. गाडी लहरी आहे असं आपण म्हणतो, कारण ती उपाधी आपण शोधलेली नसते.

या उपाध्या मोजक्या आहेत: उष्णता, ओल, हादरा, भार आणि पेट्रोलची पातळी. गाडी गरम झाल्यावरच बंद पडते आणि अर्ध्या तासाने सुरू होते? चुंबकीय क्रँक सेन्सरची बारीक तार तापली की प्रसरण पावते आणि आतल्या आत तुटते. निवली की पुन्हा जुळते. बंद पडताना टॅकोमीटरच्या काट्याकडे पाहावं. गाडी गिअरमध्ये घरंगळत असताना, चाकं इंजिनाला फिरवत असतानाही, काटा एकदम शून्यावर पडला तर क्रँकच्या संकेताचा किंवा वीजपुरवठ्याचा संशय बळावतो. इंजिन आधी अडखळलं, ताकद हळूहळू गेली, तर पेट्रोल कमी पडत असण्याची शक्यता जास्त. फक्त पावसाळ्यात, सकाळी सकाळी मिसिंग मारत असेल तर प्लगच्या वायरी आणि कॉइल पाहाव्यात. टाकी रिकामी होत आली की त्रास होत असेल तर पंप पाहावा, कारण टाकीतल्या पंपाला थंड ठेवतं ते भोवतालचं पेट्रोलच. खड्ड्यात झटका बसत असेल तर कपलर, अर्थिंग, आणि चातुर्मासात बॉनेटखाली बिऱ्हाड करणाऱ्या उंदरांचं दंतकार्य तपासावं.

सध्या प्रत्येक झटक्याचं खापर वीस टक्के इथेनॉलवर फोडण्याची चाल पडली आहे. इथेनॉलमुळे मायलेज घटतं आणि जुन्या रबरी नळ्यांना त्रास होऊ शकतो, हे खरं. पण टाकीतलं पेट्रोल सकाळी आणि दुपारी तेच असतं. सदैव हजर असलेलं कारण एकटं पुढे करून अधूनमधून घडणाऱ्या कार्याचा उलगडा होत नाही. तिथेही उपाधी दाखवावीच लागते.

उपाधी कळली की ती मुद्दाम निर्माण करायची. संशयित सेन्सरवर केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा सोडायची, मग त्याला गार करायचं. अंधारात कॉइल आणि प्लगच्या वायरींवर पाण्याचा फवारा मारून बाहेर निसटणारी ठिणगी बघायची. स्कॅनरवर लाइव्ह डेटा चालू ठेवून वायरिंग हलवून पाहायचं. उष्णता दिली की दोष येतो, काढून घेतली की जातो, हा झाला अन्वय-व्यतिरेक. यात स्कॅनरही कामाला येतो, साक्षीदार म्हणून.

मल्टिमीटरच्या बाबतीतही एक भाबडी समजूत आहे. वायर सोडवून तिचा रोध मोजला, जवळजवळ शून्य आला, म्हणजे वायर चांगली, असं मानतात. पण रोध मोजताना मीटर त्या वायरीतून जेमतेम काही मिलिअँपिअर प्रवाह सोडतो. अनेक तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी ती परीक्षा पास होते. गंजलेल्या अर्थिंगचा अर्धा ओहम रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींच्या रोधात लपून जातो. मात्र त्यातून पंपाचे सहा अँपिअर वाहू लागले की तोच अर्धा ओहम तीन व्होल्ट खातो, आणि बारातले नऊच पंपाला मिळतात. म्हणून मोजायचं ते पंप चालू असताना, अर्थिंगच्या दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप. चांगल्या अर्थिंगवर तो दशांश व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत ही एक मोजणी अनेक सेन्सरांचे प्राण वाचवील.

उरला खर्चाचा मुद्दा, आणि पूर्वपक्षाचा हाच सगळ्यात भक्कम युक्तिवाद आहे. दोन तास शोधण्याची मजुरी सेन्सरच्या किमतीहून जास्त असेल तर शोधायचं कशाला? पहिलाच अंदाज बरोबर आला तर हे गणित जमतं. पण ऑक्सिजन सेन्सर, मग कॉइल, मग पंप अशी रांग लागली की ते कोसळतं. त्यात काकतालीय न्यायाची भर पडते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसा सेन्सर बदलताना कपलर काढून पुन्हा बसवलं जातं, त्याच्या पिना घासून स्वच्छ होतात आणि गाडी काही आठवडे नीट चालते. श्रेय नव्या सेन्सरला मिळतं. गंज परतला की म्हणतात, नवा पार्टच डुप्लिकेट निघाला. या चुकीत गिऱ्हाइकाचाही वाटा आहे. पार्टचे पैसे आपण कुरकुर न करता देतो आणि शोधण्याच्या मजुरीवर घासाघीस करतो. मग मिस्त्री पार्ट विकणारच.

तेव्हा जुनी गाडी बाळगणाऱ्यांना विनंती इतकीच. गाडी अडखळली की ऊन होतं की पाऊस, टाकी किती भरलेली, इंजिन किती तापलेलं, काटा कसा पडला, हे तिथल्या तिथे लिहून ठेवा. कोड खोडू देण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो घ्या. शोधण्याची मजुरी आनंदाने द्या. आणि पार्ट बदलायच्या आधी मिस्त्रींना एकच सांगा: दोष एकदा मुद्दाम आणून दाखवा. ज्याला दोष हुकमाने आणता येतो, त्याच्याच दुरुस्तीवर विश्वास ठेवावा; बाकी सगळा अंदाज आहे, आणि अंदाजाचं बिल तुमच्या नावाने फाटतं.