पाणीमहाल आणि आभासी अरण्य

मनुष्यास चित्रासमोर उभें न करतां चित्राच्या पोटांतच नेऊन बसवावें, ही हौस जुनी आहे. युरोपांत तिचा इतिहास सांगणारे बहुधा रॉबर्ट बार्करपासून आरंभ करतात. १७९३ सालीं त्यानें लंडनच्या लेस्टर चौकांत एक वर्तुळाकार इमारत उभारली आणि आंतील भिंतीवर सभोंवार अखंड देखावा रंगवून प्रेक्षकास मधोमध उभें केलें. १८३८ सालीं व्हीटस्टननें दोन डोळ्यांस दोन निराळीं चित्रें दाखविलीं म्हणजे घनतेचा भास कसा होतो हें सिद्ध केलें. १९६८ सालीं आयव्हन सदरलंडनें तीच युक्ति संगणकास जोडून डोक्यावर चढविली. आज जिला ‘आभासी वास्तव’ म्हणतात ती कला हीच.

२०१७ सालीं मिलिका झेक व विन्स्लो पोर्टर या कलावंतांनीं अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत ‘ट्री’ ही कृति मांडली. तींत प्रेक्षक वर्षावनांतील वृक्षच होतो. बीजांतून वर येतो, हातांच्या फांद्या होतात, आणि अखेरीस वणव्यांत सांपडतो. जंगलतोड व तापत चाललेली पृथ्वी यांविषयीं शंभर व्याख्यानांनीं जें साधत नाहीं तें अशा चार क्षणांनीं साधतें, हें आम्हांस मान्य आहे.

परंतु ही हौस आमच्याकडे नव्हती असें मात्र कोणीं समजूं नये. धाराशिव जिल्ह्यांतील नळदुर्गाचा पाणीमहाल ज्यांनीं भर पावसाळ्यांत पाहिला असेल, त्यांस आमच्या म्हणण्याचा अर्थ तत्काळ कळेल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकीर्दींत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर किल्ला व रणमंडळ यांस जोडणारा दगडी बंधारा घालण्यांत आला, आणि त्याच्या पोटांतच हा महाल बांधला गेला. तलाव भरला म्हणजे नर व मादी या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळूं लागतें, आणि महालांत बसलेल्याच्या डोळ्यांपुढें पाण्याचा पडदा उभा राहतो. अंग कोरडें, कानांत मात्र प्रपाताचा घोष! बंधारा हवा होता तो पाण्यासाठीं व संरक्षणासाठीं. महालाची गरज दोहोंसहि नव्हती. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंतील या मुलखांत कोंकणचा आषाढ घरबसल्या भोगावा, ही ज्याची कल्पना त्यास आम्ही कलावंतच म्हणूं. १८५३ पासून कांहीं वर्षें नळदुर्गचा कारभार पाहणाऱ्या मेडोज टेलरनेंहि आपल्या आत्मचरित्रांत या बंधाऱ्याचें वर्णन केलें आहे.

तरीहि दोहोंत एक भेद आहे. खरें वर्षावन तोडलें गेलें तरी यंत्रांतील वर्षावन हिरवेंच राहील. विजेचा पुरवठा तेवढा पुरे. पाऊस न पडल्यास मात्र नर-मादी गप्प, आणि महाल म्हणजे दगडी खोली. या कलेस खोटें बोलतां येत नाहीं. २०१६ सालीं शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तर दुसरीकडे १९५० ते २०१५ या काळांत मध्य भारतांत दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचें संशोधकांनीं दाखविलें आहे. ज्या पावसाच्या हिशेबावर बंधारा चारशें वर्षें उभा आहे, तो हिशेबच बदलत आहे.

उद्यां कोणी पाणीमहालाचेंहि आभासी रूप तयार करील, आणि मुंबईंतील प्रेक्षक वैशाखांत त्याचा धबधबा पाहील. त्यास आमची हरकत नाहीं. मात्र त्यावर साल व महिना लिहिलेला असावा, आणि ज्या वर्षीं सांडवे वाहिले नाहींत त्या वर्षाचीहि एक प्रत शेजारीं ठेवावी.