राष्ट्रध्वजावरील क्रूस : खूण आणि अर्थ

मराठीतील ‘निशाण’ हा शब्द मूळचा फारसी. खूण आणि ध्वज हे त्याचे दोन्ही अर्थ मराठीने स्वीकारले. ध्वज ही राज्यसत्तेची खूण होय. परंतु त्या खुणेच्या पोटात दुसरी, अधिक जुनी खूण असली, तर ध्वज नेमका कशाचा निर्देश करतो? क्रूस धारण करणाऱ्या ध्वजांविषयी हा प्रश्न विशेषत्वाने उपस्थित होतो. धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासालाही त्याचा स्पर्श झालेला आहे.

इ. स. १८५३च्या तहान्वये निजामाने कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केला. नळदुर्गच्या कारभारावर फिलिप मेडोज टेलर या कादंबरीकार अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १८६०च्या तहाने नळदुर्ग-धाराशिव व रायचूर दुआब निजामास परत मिळाले. वऱ्हाड ब्रिटिशांकडेच राहिले. म्हणजे सुमारे सात वर्षे हा मुलूख ज्या सत्तेच्या अमलाखाली होता, तिचे निशाण तीन क्रुसांनी घडलेले होते.

हे तीन क्रूस इंग्लंडचा जॉर्ज, स्कॉटलंडचा अँड्र्यू व आयर्लंडचा पॅट्रिक या संतांचे मानले जातात. पैकी पहिले दोन १६०६मध्ये, इंग्लंड व स्कॉटलंड यांचा राजा एकच झाल्यावर, एका ध्वजात आले. आयर्लंडचे विलीनीकरण १८०१मध्ये होताच तिसऱ्याची भर पडली. खुणा धर्माच्या, परंतु त्यांची जुळणी राज्यांच्या संयोगाची, हे येथे स्पष्ट दिसते. १८६०नंतर जिल्ह्यावर पुन्हा आलेल्या आसफजाही सत्तेचे उदाहरणही असेच आहे. तिच्या पिवळ्या निशाणावरील वर्तुळ कुलच्याचे, म्हणजे एका प्रकारच्या रोटीचे, होते. एका सुफी संताने पहिल्या आसफजाहास कुलचे दिल्याची आख्यायिका त्यामागे सांगतात. मूळ प्रसंग श्रद्धेचा असला, तरी ध्वजावर ती खूण घराण्याची झाली.

मराठी मुलखाला लागून असलेल्या गोव्याचा दाखला याहून बोलका आहे. पोर्तुगालच्या राजचिन्हातील पाच निळ्या ढाली क्रुसाच्या आकारात मांडलेल्या असतात, आणि परंपरा त्यांचा संबंध ख्रिस्ताच्या पाच जखमांशी जोडते. १९१०मध्ये तेथे राजसत्ता जाऊन प्रजासत्ताक आले. नव्या राज्यकर्त्यांनी १९११मध्ये चर्च व राज्य यांची फारकत केली आणि त्याच वर्षी ध्वजही बदलला. पण त्या पाच ढाली तशाच ठेवल्या. चर्चच्या सत्तेस विरोध करणाऱ्यांनाही त्या खुणेत धर्मापेक्षा राष्ट्राची प्राचीनताच अधिक दिसली असली पाहिजे. डिसेंबर १९६१पर्यंत गोव्यावर फडकणारा ध्वज हाच होय.

स्वतंत्र भारताचा राष्ट्रध्वज क्रुसापासून सर्वस्वी मुक्त आहे; नौदलाचे निशाण मात्र तसे नव्हते. १९५०मध्ये त्याच्या कोपऱ्यातील युनियन जॅकची जागा तिरंग्याने घेतली, परंतु पांढऱ्या भूमीवरील संत जॉर्जचा तांबडा क्रूस कायम राहिला. २००१मध्ये तो काढून निळे नौदलचिन्ह घेण्यात आले. समुद्र व आकाश यांच्या पार्श्वभूमीवर ते ओळखू येत नाही, या तक्रारीमुळे २००४मध्ये क्रूस परतला. त्याच्या मध्यभागी अशोकस्तंभाची राजमुद्रा आली. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नव्या निशाणाचे अनावरण होऊन क्रूस अखेर गेला, आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी आकृती तेथे आली. या बदलाचे दिलेले कारण लक्षणीय आहे. आक्षेप क्रुसाच्या ख्रिस्तीपणावर नव्हता; तो वसाहतकाळाचा अवशेष आहे, यावर होता. जो क्रूस अर्धशतकाहून अधिक काळ दर्यावर्दी संकेत म्हणून चालला, तोच पुढे पारतंत्र्याची आठवण म्हणून वाचला गेला. आकृती तीच राहिली. वाचणाऱ्यांचा काळ बदलला.

यावरून ध्वजावरील क्रूस धर्मशून्य होतो, असे मात्र म्हणता येणार नाही. शब्दाचा व्युत्पत्त्यर्थ लोपला तरी प्रसंगी तो जागा होतो, तसेच चिन्हाचेही आहे. म्हणून ध्वजाच्या अभ्यासकाने क्रूस कोठून आला एवढेच विचारून थांबू नये. तो कोणी ठेवला, कोणी काढला आणि त्या वेळी कोणते कारण दिले, हेही तपासावे. चिन्हाचा त्या त्या काळचा अर्थ त्या कारणांत सापडतो.