शिक्षेचा पहिला दिवस

बंदिवान तुरुंगाच्या दारातून आत गेला की त्याची शिक्षा सुरू झाली, असे सामान्य मनुष्य समजतो. परंतु १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या अमलात कैदेची मुदत साधारणतः फैसला सुनावला गेला त्या दिवसापासून मोजली जाई, आणि तत्पूर्वी कच्चा कैदी म्हणून कोठडीत काढलेले महिने सरकारच्या हिशेबी जमेस धरले जात नसत. न्यायाधीश दयाळू असला तर तो त्यांचा विचार करून शिक्षाच कमी देई. पण ती त्याची मर्जी, आरोपीचा हक्क नव्हे.

सावरकरांना १३ मार्च १९१० रोजी लंडनमध्ये अटक झाली. पहिली जन्मठेप त्याच वर्षी २४ डिसेंबरला आणि दुसरी ३० जानेवारी १९११ रोजी ठोठावण्यात आली. दोन्ही एकीमागून एक भोगावयाच्या ठरल्या आणि प्रत्येकी पंचवीस वर्षे धरून अंदमानात त्यांच्या बिल्ल्यावर सुटकेचे साल पडले १९६०. अटकेपासूनचे नऊ महिने त्या हिशेबात कोठेच नव्हते. आणि एका देहाची दुसरी जन्मठेप पहिली संपल्यावर आरंभावी, या गणितातील विसंगती दफ्तरी कारकुनाला खटकण्याचे काही कारण नव्हते.

१ एप्रिल १९७४ रोजी अमलात आलेल्या संहितेच्या कलम ४२८ ने हे चित्र पालटले. शिक्षेचा आरंभदिन तिने हलविला नाही. त्याच खटल्यातील तपास, चौकशी व सुनावणीच्या काळात भोगलेली कोठडी मुदतीतून वजा करावयाची, एवढेच तिने सांगितले. मात्र जन्मठेप म्हणजे आयुष्याचा उर्वरित काळ, असे सर्वोच्च न्यायालयाने गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणी १९६१ साली ठरविलेले असल्यामुळे, ज्या मुदतीचा शेवटच अज्ञात आहे तीतून वजा ते काय करावयाचे, असा पेच उभा राहिला. १९८२ मध्ये न्यायालयाने जन्मठेपेच्या कैद्यांना ही वजावट नाकारली आणि १९८५ च्या भगीरथ खटल्यात आपलाच निर्णय फिरविला, कारण सरकार शिक्षा कमी करावयास निघाले की वर्षे मोजावीच लागतात. पुढे २००५ च्या दुरुस्तीने जन्मठेपेच्या काही कैद्यांना भोगाव्या लागणाऱ्या किमान चौदा वर्षांच्या कैदेतूनही कोठडीचा काळ वजा करण्याची स्पष्ट तरतूद झाली.

एक फट मात्र १९७८ च्या दुरुस्तीने मुद्दाम राखली: दंड न भरल्याबद्दल भोगावयाच्या कैदेला ही वजावट लागू नाही. परिणामी, ज्याच्या गाठीस दंडापुरते पैसे नाहीत, त्याचे कोठडीतील दिवस कितीही साचले असले तरी ती कैद त्याला पहिल्या दिवसापासूनच भोगावी लागते.