कांदेनवमीचे थालीपीठ

त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी पंढरीच्या जवळ पोचते, त्याच सुमारास आषाढ शुद्ध नवमी येते: कांदेनवमी. एकादशीला चातुर्मास लागला, की तो पाळणाऱ्या घरांतून कांदा चार महिने हद्दपार. म्हणून नवमीला भजी, आणि भाजणीत भरपूर कांदा मळून, झाकणाखाली मंद आचेवर भाजलेले खरपूस थालीपीठ. फ्रान्समधल्या आल्सास प्रांताचा कांद्याचा टार्ट भट्टीत भाजतात. आमची भट्टी म्हणजे तवा.

पावसाळ्यात कांदा सडतो म्हणून तो वर्ज्य, हे स्पष्टीकरण आम्हांस पटत नाही. नाशिक जिल्ह्यातलाच उन्हाळ कांदा हवेशीर चाळीत पावसाळाभर साठवतात. शिवाय मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण-कांदा द्विजांना निषिद्ध आहे, तोही बाराही महिने. चातुर्मासाचा नियम ही आम्हांस त्यातली तडजोड वाटते. नवमीचे थालीपीठ त्या तडजोडीतले स्वयंपाकघराचे कलम.