राक्षसाचं लक्ष कुणाकडे?

पाच जणांची टोळी एका राक्षसावर तुटून पडते. पुढे चिलखतवाला, त्याच्या मागे जादूगार आणि तिरंदाज, आणि सगळ्यात मागे साध्या अंगरख्यातला एक वैदू, जो सगळ्यांच्या जखमा भरतोय. राक्षसाला थोडी जरी अक्कल असती तर त्याने आधी या वैदूला गाठलं असतं. दोन फटक्यांत तो मेला असता आणि बाकीचे पुढच्या मिनिटभरात. पण तो तसं करत नाही. लढाई संपेपर्यंत समोरच्या चिलखतावरच डोकं आपटत राहतो. ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना यात काही विचित्र वाटत नाही. मला वाटतं, कारण मी हीलर खेळतो. टोळीत मारायला सगळ्यात सोपा मीच असतो.

राक्षसाच्या डोक्यात खरं तर फक्त एक यादी असते. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे एक आकडा, म्हणजे थ्रेट. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याला मार. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ २००४ साली आला तेव्हाचा हिशोब असा : शत्रूला एक पॉइंट इजा केली की साधारण एक थ्रेट, मित्राची एक पॉइंट जखम भरली की अर्धा. हा अर्धाही लढणाऱ्या सगळ्या शत्रूंमध्ये वाटला जातो. म्हणजे चार राक्षस असताना मी २००० पॉइंटची जखम भरली तर १००० थ्रेट, प्रत्येकाच्या यादीत २५०. टँकचा आकडा १००० असेल तर जवळून लढणाऱ्याला राक्षस आपल्याकडे ओढायला ११०० ओलांडावे लागतात आणि लांबून मारणाऱ्याला १३००. शिवाय टँककडे टॉन्ट असतं. मराठीत सांगायचं तर डिवचणं. त्याने डिवचलं की त्याचा आकडा यादीतल्या सगळ्यात मोठ्या आकड्याइतका होतो.

हा हिशोब गेम बनवणाऱ्यांनी सुरुवातीला उघड केला नव्हता. खेळाडूंनी तासन्‌तास प्रयोग करून तो शोधला आणि आकडे पडद्यावर दाखवणारे अ‍ॅडऑन लिहिले. कंपनीने स्वतःहून ही माहिती द्यायला २००८ उजाडलं. दुसऱ्याची सिस्टीम बाहेरून ठोकून आत काय आहे ते ओळखायचं, हे काम मी आता पगार घेऊन करतो. ते लोक हौसेने करत होते.

पण ही यादी मुळात आली कुठून? १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ छापला. त्यात फक्त तीन वर्ग होते : लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. आजचे टँक, डॅमेज आणि हीलर यांचे हे आजोबा. मात्र त्यात थ्रेटचं कोष्टक नव्हतं, कारण गरजच नव्हती. राक्षसांच्या वतीने एक जिवंत माणूस टेबलापलीकडे बसलेला असायचा आणि कुणाला मारायचं ते तो ठरवायचा. जादूगाराला वाचवायचं तर एकच उपाय : अरुंद बोळात लढवय्याला पुढे उभं करायचं.

आपल्याला हे नवीन नाही. जुलै १६६० मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे उभे राहिले ते याच हिशोबाने. सिद्दी जौहरच्या माणसांना बाजीप्रभू नकोच होते, त्यांना पुढे गेलेले शिवाजी महाराज हवे होते. पण खिंड अरुंद होती आणि बाजीप्रभूंना ओलांडल्याशिवाय पलीकडे जाता येत नव्हतं. तिथे शत्रूच्या मनात काय आहे याला किंमतच उरली नाही, वाटच बंद होती.

कॉम्प्युटरवर मात्र खिंड टिकत नाही. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्ये माणसं एकमेकांच्या आरपार चालत जातात, आणि ते बरंच आहे. नाहीतर कुणीतरी टवाळ पोरगा बँकेच्या दारात आडवा उभा राहून अख्ख्या सर्व्हरचा रस्ता अडवेल. शिवाय नेटवर्कच्या उशिरामुळे कोण नेमकं कुठे उभं आहे यावर दोन कॉम्प्युटरांचं एकमत होणं कठीण. भिंत करता येत नाही, तर शत्रूचं मनच वळवायचं. १९९०-९१च्या सुमारास कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड हा निव्वळ अक्षरांचा गेम लिहिला, त्यात लढवय्याला ‘रेस्क्यू’ अशी आज्ञा होती. ती दिली की तुम्ही मित्राच्या पुढ्यात उडी घेता आणि त्याचा मार तुमच्यावर येतो. १९९९च्या ‘एव्हरक्वेस्ट’ने हीच कल्पना लाखो लोकांपर्यंत नेली. तिथून ती पुढच्या जवळपास प्रत्येक गेममध्ये आली.

या यादीवरच वर्गांचा सगळा तोल उभा आहे. टँक मार खाऊ शकतो पण फार मारू शकत नाही, जादूगाराचं उलटं, आणि माझ्यासारख्याला दोन्ही जमत नाही. म्हणून तिघांना एकमेकांची गरज. ‘गिल्ड वॉर्स २’ने २०१२ मध्ये ही वाटणीच मोडून काढायची घोषणा केली. सगळ्यांनी स्वतःच्या जखमा स्वतः भराव्यात. तीन वर्षांनी त्यांनी मोठ्या रेड आणल्या तेव्हा टँक आणि हीलर मागच्या दाराने परत आले. मला गुदगुल्या झाल्या.

आता खरी गोम. समोर राक्षसाऐवजी माणसं असली की हे सगळं कोसळतं. दुसऱ्या टोळीशी लढताना टँकने कितीही डिवचलं तरी समोरचा पोरगा त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. तो सरळ माझ्या दिशेने येतो. मग विचार करणाऱ्या शत्रूचं लक्ष धरून ठेवायचं कसं? याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आमच्याच किनाऱ्यावर आहे.

मी घिवलीचा. घिवली काय आणि तारापूर काय, बाहेरचे लोक आम्हाला १९६९ साली सुरू झालेल्या अणुवीजकेंद्रामुळे ओळखतात. त्याआधी तारापूरची ओळख किल्ल्याची होती. दमणपासून वसईपर्यंतचा हा पट्टा पोर्तुगीजांचा. मार्च १७३७च्या अखेरीस मराठ्यांनी ठाणे घेतलं, साष्टी बेट घेतलं, पण वसई पडेना. वसई हा बॉस होता, आणि त्याचा हीलर होता समुद्र. जमिनीवरून कितीही वेढा घाला, खाडीतून गलबतं येत राहिली की किल्ल्याची जखम भरत राहते. गोव्याहून माणसं आणि दारूगोळा येतो, उत्तरेच्या छोट्या किल्ल्यांमधून कुमक येते.

चिमाजी अप्पांनी १७३९च्या सुरुवातीला जे केलं ते एखाद्या रेड लीडरने वहीत लिहून ठेवावं. आधी छोटे शत्रू साफ. जानेवारीत माहीम, केळवे, शिरगाव आणि तारापूर एकापाठोपाठ घेतले. फेब्रुवारीत वसईला वेढा पडला आणि मानाजी आंग्र्यांच्या आरमाराने समुद्राकडची बाजू धरली. म्हणजे हीलरच्या मानेवर हात. आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय : त्याच जानेवारीत व्यंकटराव घोरपडे आणि दादाजीराव भावे नरगुंदकर गोव्यात शिरले. त्यांनी मडगाव घेतलं आणि राशोलच्या किल्ल्याला वेढा घातला. (गोव्यातल्या या तालुक्याचं नावही साष्टीच. वाचताना घोटाळा होतो, दोन्ही साष्टींवर मराठे होते.) व्यंकटराव हे बाजीराव आणि चिमाजी यांचे मेहुणे, इचलकरंजीचे.

हे खरं टॉन्ट. गोव्यातला व्हाइसरॉय, सांदोमिलचा काउंट, काही यादी बघून चालणारा राक्षस नव्हता. वसई जातेय हे त्याला दिसत होतं. पण मडगावात मराठे बसलेले असताना राजधानीतले शिपाई जहाजात घालून उत्तरेला पाठवायचे कसे? विचार करणाऱ्या शत्रूला शिवीगाळ करून किंवा छाती पुढे काढून ओढता येत नाही. त्याला गमावणं परवडणार नाही अशा वस्तूवर हात ठेवावा लागतो. वसईवाल्यांनी मुंबईच्या इंग्रजांकडे मदत मागितली. इंग्रजांनी चर्चची चांदी तारण घेऊन थोडं कर्ज दिलं. मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली.

गेमची भाषा इथवर छान चालते. पुढे मला ती वापरवत नाही. गेममध्ये टोळी मेली की सगळे दफनभूमीतून धावत परत येतात, कुणाची चूक यावर दोन मिनिटं भांडतात आणि पुन्हा सुरू करतात. तारापूरच्या तटाला सुरुंग लावून मराठे आत घुसले त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. बाजीरावांचे तरुणपणापासूनचे सोबती. त्या किल्ल्याची लढाई पुन्हा सुरू होणार नव्हती. वसईच्या शेवटच्या हल्ल्यात काही सुरुंग उशिरा उडाले आणि धावून गेलेले मराठेच त्यात गाडले गेले. दोन गोष्टींचा क्रम चुकला की काय होतं हे मी रोज कोडमध्ये बघतो. तिथे फक्त सर्व्हर पडतो.

लढाईनंतर गेममध्ये एक तक्ता दिसतो, कुणी किती इजा केली याचा. सगळ्यात वरचा जादूगार त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकतो. टँकने किती वेळ राक्षसाला धरून ठेवलं हे त्या तक्त्यात येत नाही. वसईच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी विजयाची निशाणी म्हणून आणल्या आणि देवळांना वाहिल्या. एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आहे, एक मेणवलीला कृष्णेच्या घाटावर, लोक अजून त्यांच्यासोबत फोटो काढतात. आमच्याकडे शाळेत चिमाजी अप्पा आणि वसई यायचे, तारापूर ओझरतं यायचं. व्यंकटराव घोरपड्यांचं नाव मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा नोकरी लागून दोन वर्षं झाली होती, आणि त्या रात्री आमच्या टोळीला टँक मिळत नव्हता म्हणून मी रिकामा बसलो होतो.